लॅपटॉपवर भलतंच विंडोज पडलं असेल तर

नागपूरच्या महाल भागात झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान चालवणाऱ्या एका काकांचा ऐन लग्नसराईत फोन आला. "भाऊ, लॅपटॉप दर तासाला आपोआप बंद पडून राह्यला. पत्रिका अर्धी झाली की गेला. पंखा साफ करून घेतला, चार्जर बदलला, काहीच फरक नाही." बाहेर पारा पंचेचाळिशीला टेकलेला, दुकानावर पत्र्याचं छत. मलाही आधी उष्णतेचाच संशय आला. पण दुकानात जाऊन स्क्रीन पाहिली तर मागचं चित्र जाऊन सगळं काळं झालं होतं आणि उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलं होतं: विंडोज ११ एंटरप्राइझ इव्हॅल्युएशन.

ही मायक्रोसॉफ्टने कंपन्यांना तपासून बघण्यासाठी दिलेली ९० दिवसांची प्रत. मुदत संपली की डेस्कटॉप काळा होतो आणि मशीन दर तासाला बंद पडतं. बिघाड काहीच नसतो, तिची रचनाच तशी आहे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून ओळखीच्या एका मुलाने जानेवारीत पेन ड्राइव्ह आणून काकांना 'विंडोज मारून' दिलं होतं. मी त्याला बोलावून घेतलं, रागवायला नाही, नेमकं काय झालं ते समजून घ्यायला. तो म्हणाला, "फाइल आणि ॲप ठेवायचा पर्याय फिका दिसत होता, दाबलाच जात नव्हता. म्हणून शेवटचा घेतला."

फिका पडलेला तो पर्याय म्हणजे इन्स्टॉलरने दिलेला इशारा होता. तुमच्या मशीनवर जे आहे त्याच्याशी हे जुळत नाही, एवढंच तो सांगत असतो. गेल्या दोनेक वर्षांत अशी पंधरा-वीस मशीनं माझ्यासमोर आली. बर्डीवरून आणलेला असेंबल्ड पीसी, मानेवाड्यातल्या शिकवणी वर्गाचा लॅपटॉप, इतवारीतल्या आडतीचा हिशेबाचा डबा. चुकीच्या विंडोजने यातलं एकही मशीन कायमचं बिघडवलं नव्हतं. नुकसान झालं ते नंतरच्या घाईत, फॉरमॅट मारताना, जागा साफ करताना, विंडोजच्या परवान्याची कुठलीतरी फुकटची चावी चालवताना. म्हणून मी ज्या क्रमाने काम करतो, त्याच क्रमाने खाली सांगतो.

आधी हात थांबवा आणि दिवस मोजा

अपग्रेड झाल्यावर जुनं विंडोज लगेच पुसलं जात नाही. सी ड्राइव्हवर 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या फोल्डरमध्ये ते तसंच ठेवलेलं असतं. परत फिरायचा रस्ता तोच, आणि तो साधारण १० दिवस उघडा असतो. त्यानंतर विंडोज स्वतःच तो फोल्डर काढून टाकतं. तेव्हा पहिला प्रश्न हा की अपग्रेड कोणत्या तारखेला झालं? आठवत नसेल तर सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट या पानावर 'इन्स्टॉल्ड ऑन' समोर तारीख सापडते.

या १० दिवसांत काही गोष्टी करायच्याच नाहीत. डिस्क क्लीनअप चालवायचं नाही. सेटिंग्जमधल्या स्टोरेजमध्ये 'टेम्पररी फाइल्स' उघडलं की 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन' अशी वीस-पंचवीस जीबीची ओळ दिसते आणि जागा मोकळी करायचा मोह होतो. तिच्यावर टिक करू नका. मशीनवर नवीन युजर खातं उघडू नका, कारण मागे जाताना ते आधी काढावं लागतं. आणि 'ॲक्टिव्हेट विंडोज' ही ओळ घालवायला कुणी क्रॅक किंवा ॲक्टिव्हेटर देत असेल तर त्याला स्पष्ट नाही म्हणा. असली साधनं चालवण्यासाठी आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. ज्या मशीनवर बँकेचे व्यवहार होतात, त्यावर अनोळखी माणसाचा प्रोग्राम चौकीदाराला झोपवून चालवणं मला कधीच पटलेलं नाही.

नेमकं काय चुकलं ते ओळखा

'चुकीचं व्हर्जन' या एका शब्दात चार-पाच निरनिराळ्या चुका येतात आणि प्रत्येकीचा इलाज वेगळा असतो. सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट हे पान उघडा आणि एडिशन, व्हर्जन, सिस्टिम टाइप या तीन ओळी कागदावर उतरवून घ्या. मग सेटिंग्ज, सिस्टिम, ॲक्टिव्हेशन उघडून तिथली स्थितीही लिहा.

सर्वांत जास्त दिसते ती एडिशनची, म्हणजे होम, प्रो अशा प्रकाराची चूक. आपल्याकडे घरगुती लॅपटॉपसोबत बहुतेक वेळा 'होम सिंगल लँग्वेज' येतं. बिलावर किंवा खोक्यावरच्या तपशिलात तसं लिहिलेलं असतं, ते शोधा. त्यावर कुणी प्रो, एज्युकेशन, एंटरप्राइझ किंवा नावापुढे 'एन' असलेली प्रत टाकली, की परवाना जुळत नाही आणि ॲक्टिव्हेशन अडतं. विंडोजचा परवाना एडिशनला बांधलेला असतो. होमचा परवाना प्रोला चालत नाही. व्हर्जनचं मात्र तसं नाही. १० च्या होमवरून ११ च्या होमवर जाताना तोच डिजिटल परवाना पुढे चालतो.

असेंबल्ड पीसीवर ही चूक विशेष होते, त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. विंडोज ८ च्या काळापासून कंपनीच्या लॅपटॉपची चावी मदरबोर्डच्या चिपमध्येच लिहिलेली असते. अधिकृत इन्स्टॉलर ती वाचतो आणि कोणतं एडिशन हवं हे न विचारता स्वतःच योग्य ते घेतो. असेंबल्ड मशीनच्या बोर्डात अशी चावी नसते. मग इन्स्टॉलर एडिशनची यादी दाखवतो, आणि प्रो हे नाव भारदस्त वाटतं म्हणून माणूस त्यावर बोट ठेवतो. दुकानाला किंवा घराला प्रोची गरज क्वचितच असते. दूरवरून याच मशीनचा डेस्कटॉप उघडणं, ऑफिसच्या डोमेनला जोडणं, ग्रुप पॉलिसीने नियम लावणं, हायपर-व्हीत आभासी मशीन चालवणं असली कामं नसतील तर होममध्ये तुमचं काही अडत नाही.

दुसरी चूक ३२ बिट आणि ६४ बिटची. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येतं, त्यामुळे ही गडबड विंडोज १० पुरती. अबाउट पानावर रॅम ८ जीबी आणि पुढे कंसात 'वापरण्याजोगी ३.२ जीबी' अशा धर्तीचा आकडा दिसला तर जवळपास नक्की समजा की ६४ बिटच्या मशीनवर ३२ बिटचं विंडोज बसलंय. यावर अपग्रेडचा रस्ता नाही, नव्यानेच टाकावं लागतं. पण त्याआधी दुकानातला जुना प्रिंटर आणि फॉन्टच्या सॉफ्टवेअरचा डोंगल (यूएसबीत लावायची परवान्याची किल्ली) तपासा. कधी कधी त्यांचे ड्रायव्हर फक्त ३२ बिटचेच असतात आणि आधीच्या कुणीतरी विचार करूनच ते विंडोज ठेवलेलं असतं.

तिसरी चूक भाषेची, आणि ही कुणाच्या लक्षातच येत नाही. मायक्रोसॉफ्टच्या यादीत 'इंग्लिश' आणि 'इंग्लिश इंटरनॅशनल' हे दोन वेगळे पर्याय आहेत. पहिलं अमेरिकन, दुसरं ब्रिटिश. एडिशन बरोबर, बिट बरोबर, तरीही फाइल आणि ॲप ठेवायचा पर्याय फिका दिसत असेल तर बहुधा इथेच घोळ असतो. दुसऱ्या भाषेची प्रत आणून पाहा.

चौथी चूक म्हणजे मशीनच्या ताकदीबाहेरचं विंडोज. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेच्या चाव्या जपणारी सोय), सिक्युअर बूटची सोय असलेलं यूईएफआय (मशीन सुरू करणारा बोर्डातला प्रोग्राम, जुन्या बायोसचा नवा प्रकार), किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा. ही तपासणी चुकवून विंडोज बसवण्याच्या युक्त्या आहेत, पण मग पुढची अपडेट मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. मात्र 'टीपीएम नाही' असा निरोप आला म्हणून लगेच मशीन भंगारात काढू नका. २०१८ नंतरच्या पुष्कळ मशीनमध्ये टीपीएम असतं, फक्त बायोसमध्ये बंद ठेवलेलं असतं. इंटेलच्या बोर्डवर त्याचं नाव पीटीटी, एएमडीवर एफटीपीएम.

पाचवी, इनसायडर प्रीव्ह्यूची, म्हणजे मायक्रोसॉफ्टने चाचणीसाठी आधीच सोडलेल्या विंडोजची प्रत. डेस्कटॉपच्या कोपऱ्यात 'इव्हॅल्युएशन कॉपी' आणि बिल्डचा आकडा दिसतो. तिथून स्थिर प्रतीवर यायला बहुतेकदा नव्यानेच टाकावं लागतं.

बॅकअप, आणि त्यात लोक विसरतात ते

मागे जायचं असो की पुसून टाकायचं असो, त्याआधी बॅकअप. एक बाहेरची हार्ड डिस्क घ्या आणि डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स उतरवा. हे सगळेच करतात. विसरतात ते पुढचं.

पहिलं म्हणजे फॉन्ट. मराठी टायपिंग आणि डीटीपी करणाऱ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल त्या फॉन्टशिवाय उघडली की 'चि. सौ. कां.' च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा खिचडा दिसतो. मजकूर शाबूत असतो, पण वाचणारा डोळाच गेलेला असतो. काकांच्या बाबतीत तेच झालं. पत्रिकांच्या फाइल डी ड्राइव्हवर सुरक्षित होत्या, पण वर्षानुवर्षं जमवलेले फॉन्ट सी ड्राइव्हबरोबर गेले. त्यासाठी सी ड्राइव्हमधल्या 'विंडोज' फोल्डरच्या आतलं 'फॉन्ट्स' पूर्ण कॉपी करा. विंडोज १० च्या २०१८ नंतरच्या प्रतींत एक दुसरी जागाही असते. एखाद्या युजरने फक्त स्वतःपुरते टाकलेले फॉन्ट त्याच्या नावाच्या फोल्डरमध्ये ॲपडेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फॉन्ट्स अशा वाटेने गेल्यावर सापडतात. ॲपडेटा लपवलेलं असतं, म्हणून फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये 'हिडन आयटम्स' चालू करा. अपग्रेड होऊन गेलं असेल पण १० दिवस झाले नसतील, तर हेच दोन्ही फोल्डर विंडोज डॉट ओल्डच्या आतही मिळतात. तिथून आजच उचला.

दुसरं, टॅलीसारख्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा. तो बरेचदा डॉक्युमेंट्समध्ये नसतो, सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये त्याची वाट लिहिलेली असते. तिथून कॉपी करा आणि जमलं तर सॉफ्टवेअरच्या आतल्या बॅकअपनेही एक प्रत घ्या.

तिसरं, बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची चावी. हल्लीच्या लॅपटॉपवर होम एडिशनमध्येसुद्धा 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' चालू असतं आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. बायोसमध्ये काही बदललं की मशीन ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती नसेल तर तुमचाच डेटा तुम्हाला उघडत नाही. कुणी तंत्रज्ञही तो उघडून देऊ शकत नाही. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलेलं असेल तर ही चावी बहुधा त्या खात्यात जपलेली असते. दुसऱ्या फोनवरून खातं उघडून ती आधी कागदावर लिहून घ्या, मगच बायोसला हात लावा.

वकील आणि सीए मंडळींच्या डिजिटल सहीचं काय, असं मला नेहमी विचारतात. सही यूएसबी टोकनच्या आत असते, विंडोज पुसल्याने ती जात नाही. टोकनचा ड्रायव्हर तेवढा पुन्हा टाकावा लागतो.

१० दिवसांच्या आत असाल तर मागे फिरा

सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी उघडा. विंडोज १० वर हीच जागा 'अपडेट अँड सिक्युरिटी'मध्ये आहे. तिथे 'गो बॅक' हे बटण दाबता येत असेल तर निम्मं काम झालं. ते कारण विचारेल, काहीही निवडा. अपडेट तपासू का म्हणेल, नाही म्हणा. मग बजावेल की अपग्रेडनंतर टाकलेले प्रोग्राम जातील आणि जुना पासवर्ड लागेल. अपग्रेडनंतर पासवर्ड बदलला असेल तर आधीचा आठवून ठेवा, नाहीतर परत गेल्यावर दारातच अडाल.

विंडोज लॉगिनच्या पुढे जातच नसेल तर त्याच पडद्यावर शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट करा. निळ्या पडद्यावर ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, अनइन्स्टॉल अपडेट्स असं जाऊन 'लेटेस्ट फीचर अपडेट' काढा. परिणाम तोच.

लॅपटॉप चार्जरला आणि चार्जर इन्व्हर्टरवर असल्याशिवाय हे काम सुरू करू नका. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी आणि जूनच्या पहिल्या वादळात लाइन कधी जाईल सांगता येत नाही, आणि अर्ध्यावर बंद पडलेलं मशीन ना इकडचं राहतं ना तिकडचं. मी असली कामं पहाटे किंवा रात्री साडेनऊनंतर काढतो. तेव्हा मशीनही कमी तापतं.

पेन ड्राइव्हवरून बूट करून, म्हणजे मशीन त्यावरूनच सुरू करून, विंडोज टाकलं असेल, किंवा 'काहीच ठेवू नका' म्हटलं असेल, तर गो बॅकच्या भरवशावर राहू नका. तरीही एक आशा असते. पार्टिशन (डिस्कचा सी, डी असा भाग) फॉरमॅट केलं नसेल तर जुन्या फाइल विंडोज डॉट ओल्डच्या आत 'युजर्स' फोल्डरमध्ये पडलेल्या असतात. आधी तिथे पाहा. पार्टिशनच उडवलं असेल तर मशीन ताबडतोब बंद करून डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे न्या. त्यातही एसएसडी असेल तर फार आशा धरू नका. पुसलेली जागा एसएसडी स्वतःच रिकामी करून टाकते, त्यामुळे जुन्या हार्ड डिस्कसारखं त्यातून परत मिळत नाही.

नव्याने टाकायचं असेल तर

होमवर प्रो पडलंय आणि १० दिवस उलटून गेलेत, तर दोनच सरळ रस्ते उरतात. प्रोचा खरा परवाना विकत घ्या, किंवा पुसून पुन्हा होम टाका. प्रोवरून होमवर फाइल आणि ॲप ठेवून खाली उतरता येत नाही. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदवहीत, एडिशनचं नाव बदलून इन्स्टॉलरला फसवण्याची एक युक्ती फिरते आणि ती कधी चालतेही, पण दुसऱ्याच्या पोटापाण्याच्या मशीनवर मी ती करत नाही. चारपाचशे रुपयांत मिळणाऱ्या प्रोच्या चाव्याही नकोत. त्या बहुतेकदा कुठल्यातरी संस्थेच्या घाऊक परवान्यातल्या असतात आणि पुढे कधीही बंद पडू शकतात.

खर्च करण्याआधी ॲक्टिव्हेशनच्या पानावरचा ट्रबलशूटर जरूर चालवा. तुमच्या मशीनच्या नावावर दुसऱ्या एडिशनचा परवाना सापडला तर तो तसं सांगतो आणि ते एडिशन कसं टाकायचं हेही दाखवतो.

आता पेन ड्राइव्ह. किमान ८ जीबीचा, रिकामा. त्यात जे असेल ते पुसलं जातं. तो कुणाकडूनही तयार आणायचा नाही. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या साइटवरून 'मीडिया क्रिएशन टूल' उतरवा. शक्यतो त्याच मशीनवर चालवा, म्हणजे तुमच्या मशीनला साजेशी भाषा ते स्वतः सुचवतं. दुसऱ्या मशीनवर बनवणार असाल तर भाषा हाताने निवडा. डाउनलोड पाच ते सात जीबीच्या आसपास जातं, तेव्हा मोबाइलचा रोजचा डेटा पुरणार नाही. ब्रॉडबँड असलेल्या घरी बसा.

सुरुवात करण्याआधी बॅकअपची डिस्क काढून ठेवा, आणि असेंबल्ड पीसीमध्ये दुसरी हार्ड डिस्क असेल तर तिचीही वायर काढा. हे मी इतकं ठासून का सांगतो, ते सांगतो. इन्स्टॉलरच्या पार्टिशनच्या पडद्यावर सी, डी अशी अक्षरं दिसत नाहीत. 'डिस्क ०, पार्टिशन ३' असे नुसते आकडे दिसतात. आठेक वर्षांपूर्वी माझ्या मावशीच्या पीसीवर मी रात्री उशिरा थकून बसलो होतो आणि सारख्याच आकाराच्या दोन पार्टिशनपैकी चुकीचं उडवलं. त्यात माझ्या काकांचे, तिच्या यजमानांचे, शेवटच्या वर्षातले फोटो होते. निम्मे परत मिळाले. तेव्हापासून मी आधी विंडोजमधलं डिस्क मॅनेजमेंट उघडून प्रत्येक पार्टिशनचा आकार कागदावर लिहितो आणि तो कागद समोर ठेवूनच त्या पडद्यापर्यंत जातो.

पेन ड्राइव्ह लावून मशीन सुरू करताना बूटची यादी उघडायची. डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ १२, एचपीवर एस्केप आणि मग एफ ९. एसरवर एफ १२ चालत नसेल तर बायोसमध्ये जाऊन तो मेन्यू आधी चालू करावा लागतो. पुढे चावी विचारली तर 'माझ्याकडे चावी नाही' हे निवडा. कंपनीच्या लॅपटॉपवर एडिशनची यादी सहसा येतच नाही. आलीच, तर बिलावर जे अक्षर न अक्षर लिहिलंय तेच घ्या. 'होम' आणि 'होम सिंगल लँग्वेज' या दोन वेगळ्या ओळी आहेत.

इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या पुष्कळ लॅपटॉपवर इथे डिस्कची यादीच रिकामी दिसते आणि माणूस घाबरून डिस्क जळाली समजतो. ती जळालेली नसते. व्हीएमडी नावाच्या व्यवस्थेमागे ती लपलेली असते आणि इन्स्टॉलरकडे तिचा ड्रायव्हर नसतो. लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचा 'इंटेल रॅपिड स्टोरेज' ड्रायव्हर उतरवा, उघडून पेन ड्राइव्हवर ठेवा आणि 'लोड ड्रायव्हर' दाबून दाखवा. डिस्क लगेच समोर येते. वायफायचा ड्रायव्हरही त्याच वेळी उतरवून ठेवा, कारण विंडोज ११ होम सुरुवातीलाच इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्ट खातं मागतं. वायफाय ओळखलं नाही तर फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग केलं की बहुधा काम भागतं.

पार्टिशनच्या पडद्यावर जुनं विंडोज असलेलं पार्टिशनच निवडा, बाकीच्यांना हात लावू नका. फॉरमॅट न करता पुढे गेलात तर जुनं सगळं विंडोज डॉट ओल्डमध्ये जातं. बॅकअपबद्दल तिळभर शंका असेल तर असंच करा.

मशीनच झेपत नसेल तर

प्रोसेसर सातव्या पिढीचा किंवा त्याआधीचा आहे आणि ११ जबरदस्तीने बसवलंय, अशा वेळी मी १० वर परत जायला सांगतो आणि सोबत वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी करायला. घरगुती ग्राहकांसाठी ही सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे. सेटिंग्ज मायक्रोसॉफ्ट खात्याशी सिंक केल्या तर पैसे पडत नाहीत. तेवढ्या मुदतीत नवीन मशीनची तजवीज करायची. फक्त ब्राउझर आणि टायपिंगपुरतं मशीन असेल तर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणालीही चांगला पर्याय आहे. तिथेही प्रत बघूनच घ्या. लिनक्सच्याच उबुंटू या प्रकाराची 'एलटीएस' लिहिलेली प्रत ५ वर्षं सांभाळली जाते, मधल्या प्रती फक्त ९ महिने.

टाकून झाल्यावर

इंटरनेट जोडा आणि ॲक्टिव्हेशनचं पान उघडा. 'डिजिटल परवान्याने सक्रिय' अशा अर्थाची ओळ दिसली की एडिशन जुळलं. मग विंडोज अपडेट दोन-तीनदा चालवा, उरलेले ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून मशीनचा सीरियल नंबर टाकून घ्या. जे 'ड्रायव्हर शोधून देतो' म्हणतात ते फुकटचे प्रोग्राम टाकू नका.

सिंगल लँग्वेजमुळे मराठी टाइप होणार नाही असा एक समज आहे. तसं नाही. मर्यादा आहे ती मेन्यूंच्या भाषेला. सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेजमध्ये जाऊन मराठी जोडा, कीबोर्ड मिळतो. त्यानंतर जपून ठेवलेले फॉन्ट टाका, प्रिंटरवर एक पान काढा, टोकन लावून सही तपासा. हे सगळं होईपर्यंत बॅकअपची डिस्क दुसऱ्या कामाला घेऊ नका. मी ती किमान महिनाभर बाजूला ठेवायला लावतो.

काकांच्या लॅपटॉपच्या बोर्डात होम सिंगल लँग्वेजची चावी होतीच. इन्स्टॉलरने ती वाचली, काही न विचारता तेच विंडोज टाकलं आणि वायफाय लागताच परवाना जुळला. परवान्याला एक रुपयाही लागला नाही. फॉन्टला मात्र पूर्ण संध्याकाळ गेली. काही त्यांच्या जुन्या सीडीवर सापडले, काही शेजारच्या छपाईवाल्याने दिले, दोन अजून मिळालेले नाहीत. त्या रात्री पावणेदहाला पहिली पत्रिका धड अक्षरांत उघडली, तेव्हा काकांनी ती आधी छापली आणि मगच दुकानाचं शटर ओढलं. एडिशन, बिट, भाषा, इन्स्टॉलची तारीख आणि रिकव्हरी की असा कागद आम्ही लिहून त्यांच्या घरच्या कपाटात ठेवला. पेन ड्राइव्ह आणणाऱ्या त्या मुलानेच तो लिहिला, आणि आता अशा कामाला जाताना तो आधी बिल मागून बघतो.